चौदावं कलम

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे बाईने गोल गोल फिरवलं असं मागाहून कुणी म्हणायला नको. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा डोळा गेला आणि त्यात माझा हात आहे. सुई मी टोचली नाही, औषधही मी बनवलं नाही. मी फक्त एक कागद वाचून दाखवला.

मी नर्स. विद्यापीठाच्या रुग्णालयात, डोळ्यांच्या विभागात एकतीस वर्षं काढली. शेवटची चार वर्षं मात्र वॉर्डात नव्हते, सरांच्या संशोधनात होते. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा एक आजार होतो. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, पण तोंड बघायला जावं तर तिथे नुसता डाग. त्यावर जुनं इंजेक्शन आहे, ते दर महिन्याला डोळ्यात घ्यावं लागतं. सरांनी नवीन शोधून काढलं होतं, चार महिन्यांतून एकदा घ्यायचं. ते खरंच तेवढं पुरतं का, आणि काही त्रास तर देत नाही ना, हे बघायला साठ पेशंट हवे होते.

औषधाआधी संमतीपत्र. सतरा पानं, बावीस कलमं. आता आमच्या पेशंटना बारीक टाइप वाचता येत असता, तर ते आमच्याकडे आले असते कशाला? म्हणून कुणीतरी वाचून दाखवायचं, पेशंटने ऐकायचं, मग बोट ठेवून दाखवलं की सही करायची. खाली आणखी एक ओळ होती, 'संपूर्ण वाचून दाखवले', आणि तिथे माझी सही.

सरांनी मला घेतलं ते वाचनामुळेच. वॉर्डात एका आजोबांना त्यांच्या मुलाचं पत्र वाचून दाखवत होते, तर सर दाराशी थांबून ऐकत राहिले. पत्र संपल्यावर म्हणाले, "सिस्टर, असं वाचायला कुठे शिकलात हो?"

"छापखान्यात," मी म्हटलं. सर हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा कसली! ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि ताई एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागली. त्यावर आम्ही दोघी जगलो. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तिच्या टेबलाशी. तिथली पद्धत अशी होती की एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवून ऐकायचं. ताईबरोबर वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज दुपारनंतर बसायचा, म्हणून मालकांनी मला बसवलं. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. 'तो आला स्वल्पविराम बसला स्वल्पविराम आणि म्हणाला अवतरणचिन्ह सुरू.' मला त्याची इतकी सवय लागली की एकदा शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तर मी तिथेही स्वल्पविराम-पूर्णविराम म्हणत सुटले. सगळा वर्ग पोट धरधरून हसला. घरी येऊन मी रडले, आणि ताईसुद्धा हसतच सुटली, मेली.

पण कान काय होता तिचा! पन्नास पानांत माझ्याकडून एक शब्द सुटला तरी मान वर न करता म्हणायची, "गाळलंस, बारके." आणि राहिलेलं काही उशिरा सापडलं, पानं पुढे गेल्यावर, तर समासात हंसपद काढायचं, म्हणजे इथे काहीतरी राहिलंय अशी टोकदार खूण. तिच्याशेजारी दोघांनी सह्या करायच्या, वाचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही. मालकांचा तसा नियमच होता. मला तो अन्याय वाटायचा. शब्द मी खाल्ला तर ताईने का सही करायची? मी चिडून विचारायचे आणि ती म्हणायची, "कर गं, पुढचं पान आण."

असो. तर संमतीपत्र.

पहिले दोन महिने मी ते डोळ्यात तेल घालून वाचलं, शब्दन् शब्द. त्यात चौदावं कलम असं होतं: या औषधाच्या कंपनीत मुख्य संशोधकांचा आर्थिक हिस्सा आहे. औषध यशस्वी झाल्यास त्यांना त्याचा लाभ होऊ शकतो. तुम्ही हवं तर, सहभागी होण्यापूर्वी, या संशोधनाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचं मत घेऊ शकता. खाली अशा दोन डॉक्टरांची नावं आणि फोन नंबर होते. ते एवढंच कलम अकराव्या पानावर होतं, बाकी पान कोरं.

सरांनी काहीही लपवलं नव्हतं, हे आधी समजून घ्या. विद्यापीठाच्या कार्यालयात त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं की माझे शेअर्स आहेत. कार्यालयाने म्हटलं, हरकत नाही, पेशंटना कळवा म्हणजे झालं. ते कळवायला चौदावं कलम, आणि चौदावं कलम वाचायला मी.

तिसरे का चौथे पेशंट एक निवृत्त मास्तर होते. तेरापर्यंत मान डोलावत ऐकलं. चौदा वाचल्यावर त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"म्हणजे औषध खपलं तर डॉक्टरांना पैसे मिळणार?"

"हो, पण मास्तर, सर तसे—"

"आणि औषध बरं की वाईट हे ठरवणार कोण?"

"सरच."

मास्तरांनी काठी चाचपली, उठले. "बाई, तुम्ही वाचता फार छान," म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागून त्या महिन्यात आणखी पाच जण गेले, सगळे चौदावरच.

महिनाअखेरीस सरांनी यादी बघितली. "सिस्टर, फक्त चार?" मी सांगितलं, की लोक एका कलमाला बिचकतात. सर म्हणाले नाहीत की ते गाळा. देवाशपथ सांगते, म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "वाचायला वेळ फार लागतो का हो? म्हातारी माणसं, दमतात. जरा सुटसुटीत करता आलं तर बघा."

मी सुटसुटीत केलं. तेरावं संपलं की अंगठ्याने दोन पानं एकदम उलटायची आणि पुढे म्हणायचं, "पंधरा." लोक माझ्या आवाजाच्या नादात असायचे, कलमांचे आकडे मोजत कोण बसतंय! कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या महिन्यात अकरा जणांनी सह्या केल्या आणि सरांनी विभागात सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी चांगली फुलून गेले होते.

आता तुम्ही विचाराल, का केलंस? मीही विचारते. साठ भरले नसते तर संशोधन बंद पडलं असतं. माझा पगार त्यातूनच निघत होता. मग पुन्हा वॉर्ड, पुन्हा उभ्याने आठ तास, आणि माझे गुडघे तर कधीचे बोलायला लागलेत. हे एक. दुसरं, सरांवर माझा विश्वास होता. फाटक्या माणसालाही 'या, बसा' म्हणणारा माणूस. पेशंटच्या नातवंडांची नावं लक्षात ठेवणारा. असल्या माणसाबद्दल त्या चार ओळींनी लोकांच्या मनात पाल चुकचुकते, याचा मला खरोखर राग यायचा. गुडघे किती आणि विश्वास किती, हे आज मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. दरवर्षी विद्यापीठाचा एक फॉर्म माझ्याकडेही यायचा, 'या संशोधनात तुमचा काही आर्थिक हितसंबंध आहे का?' मी 'नाही'वर खूण करून टाकायचे. मला वाटायचं, पगार म्हणजे काही हितसंबंध नव्हे, तो फक्त मोठ्या लोकांना असतो.

ताईचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यावर जुनं इंजेक्शन चालू होतं, दुसऱ्या रुग्णालयात, दर महिन्याला. त्या डोळ्याने तिला बरंच दिसायचं. भिंग घेऊन वर्तमानपत्राचे मथळे वाचायची आणि त्यातल्या चुका मला फोनवर सांगायची. "बारके, पहिल्याच पानावर! पूर्वीच्या काळी मालकांनी कानफटात मारली असती." पण त्या मासिक सुईची तिने धास्ती घेतली होती. आदल्या दिवसापासून जेवायची नाही. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, वायरमन. एक दिवस बुडवून तो तिला दोन बस बदलून न्यायचा, आणि त्याचा दिवस बुडतो म्हणून हिचा जीव खालीवर व्हायचा.

मीच म्हटलं, ताई, आमच्या सरांचं घे की. चार महिन्यांतून एकदाच, आणि मी आहे ना तिथे.

"तू म्हणतेस ना, मग झालं," ताई म्हणाली.

तेव्हा अठ्ठावन्नावी जागा रिकामी होती. तीही गोष्ट माझ्या डोक्यात होती, कशाला खोटं बोलू.

ताई आली त्या दुपारी सर मुद्दाम माझ्या खोलीत आले. "सिस्टरांच्या ताई म्हणजे आमच्याही ताई," म्हणाले आणि शेजारच्या टेबलाशी कागदांवर सह्या करत बसले. ताईने मान खाली घातली, हात मांडीवर ठेवले. छापखान्यात बसायची अगदी तशी. मी वाचायला लागले. तेरावं आलं. वाटलं, आता ही म्हणणार, गाळलंस. तरी अंगठा आपलं काम करून गेला. "पंधरा," मी म्हटलं.

ताईने मान वर केली नाही.

मला हायसं वाटलं. आणि मागोमाग वाईटही वाटलं, की ताईचा कानही म्हातारा झाला. बाविसावं संपल्यावर मी तिचं बोट सहीच्या जागेवर ठेवलं आणि तिने सही केली, ठसठशीत, पूर्वीसारखी. संमतीपत्राची एक प्रत पेशंटला देतात, ती मी तिच्या पिशवीत घातली.

पहिल्या इंजेक्शनाने काही झालं नाही. ताई खूश. दुसरं झालं आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. "बारके, डोळा ठणकतोय गं. शेजारची म्हणते लाल झालाय. आणि सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं दिसतंय."

मी धावत सरांकडे गेले. ते बॅग भरत होते, परगावी एका मोठ्या परिषदेत पहिल्या चाळीस पेशंटचे निकाल सांगायचे होते. सगळे उत्तम निकाल. मी सांगितलं. सरांनी बॅगेची चेन ओढली. मग म्हणाले, "इंजेक्शननंतर थोडी लाली असतेच, सिस्टर. थेंब द्या. सोमवारी मी स्वतः बघतो."

एकतीस वर्षं मी नवीन पोरींना शिकवत आले होते की इंजेक्शननंतर डोळा दुखला आणि दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरला दाखवायचं. पोरी चुकल्या तर त्यांना फाडून खायचे मी. आणि त्या दिवशी मी काय म्हटलं? "बरं, सर." नोंदवहीत लिहिलं, 'सौम्य लाली'. ताईला फोन करून म्हटलं, काळजी करू नकोस, सर म्हणतात असतं थोडं.

सोमवारी सरांनी यंत्रातून बघितलं. फार वेळ बघत राहिले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू ताठ होत गेली. मग धावपळ झाली, औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी ताईला त्या डोळ्याने दिवा लागला की विझला एवढंच कळायला लागलं. खोलीत कोण आलंय ते ती चालण्यावरून ओळखायची.

फाइलमध्ये एक प्रश्न असतो, या घटनेचा औषधाशी संबंध आहे का. सरांनी 'संभव नाही'वर खूण केली. वय, मधुमेह, आधीचा आजार, अशी कारणं लिहिली. मग ताईजवळ जाऊन तिचा हात धरून बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, मी बघितलंय. बारा वर्षं त्या औषधाला पोरासारखं वाढवलं होतं त्यांनी. त्यात खोट असेल हे त्यांना दिसलंच नाही. पैसे होते म्हणून दिसलं नाही, की जीव होता म्हणून, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मास्तरांनी जे दोन प्रश्नांत ओळखलं होतं, ते मला एवढ्या किमतीला कळलं, आणि किंमतही मी नाही दिली.

भाचा मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने कुठूनतरी वाचलं की ती कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि त्यात सरांचा हिस्सा होता. तो पेटलाच. विद्यापीठाला लिहिलं, तुमच्या डॉक्टरने पैशांची गोष्ट लपवून माझ्या आईवर प्रयोग केला. तिथून उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. काही लपवलेलं नाही, सोबत अकराव्या आणि शेवटच्या पानाची प्रत जोडली आहे. आपल्या मातोश्रींची सही पाहावी. संपूर्ण वाचून दाखवल्याबद्दल सिस्टरांची सही पाहावी. तरीही काही म्हणणं असल्यास सोमवारी समितीसमोर यावं.

ते पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, बस म्हटलं तर बसेना.

"मावशी, हे आईला वाचून दाखवलं होतंस ना तू?"

"हो," मी म्हटलं.

कसं आलं तोंडातून, मला कळलंच नाही. इतक्या वेळा सही केली होती त्या वाक्याखाली, की बोलायलाही ते सोपं गेलं.

तो खुर्चीत बसला. चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला आणि तो फार थकलेला दिसायला लागला. "म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून केली सही. मग मी कुणाशी भांडतोय? माझा दिवस बुडतो म्हणूनच केली असणार तिने. माझ्यापायी गेला तिचा डोळा." मी पाणी पुढे केलं, तर म्हणाला नको. "सोमवारी जातो आणि तक्रार मागे घेतो," म्हणाला आणि गेला.

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. ज्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्या डोक्यावर मी माझं पाप ठेवलं होतं आणि त्याने मुकाट्याने उचललं होतं. तरी त्याला हाक मारून परत बोलवायला माझी जीभ रेटली नाही.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "दुपारी ये. तो कामावर जातोय, संध्याकाळी येईल. मला तो कागद वाचून दाखव. सगळा."

गेले. ताईने चहा केला होता. कपाच्या काठावर आतून बोट ठेवून ओतते ती आता, चटका बसला की थांबते. बोटाचं टोक लाल झालं होतं. भिंग टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ती म्हणाली, कपाटात खालच्या खणात आहे, काढ. मी तिची प्रत काढली. ती खुर्चीत बसली, मान खाली, हात मांडीवर.

मी वाचायला लागले. एक, दोन, तीन. आवाज नेहमीसारखा लागला, त्याचीच मला किळस आली. बाहेर कुणीतरी पायऱ्या झाडत होतं. बारा झालं, तेरा झालं. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा माझा अंगठा दोन पानांच्या मागे गेला होता. तिला दिसणार नव्हतं, उद्या तक्रार मागे घेतली जाणार होती, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

अंगठा काढला. एकच पान उलटलं.

"चौदा," मी म्हटलं आणि भराभर वाचून टाकलं, कडू औषध गिळावं तसं.

ताईने कान माझ्याकडे केला. मग म्हणाली, "पुन्हा वाच. विरामचिन्हांसकट."

"ताई..."

"वाच."

"या औषधाच्या कंपनीत मुख्य संशोधकांचा आर्थिक हिस्सा आहे पूर्णविराम. औषध यशस्वी झाल्यास त्यांना त्याचा लाभ होऊ शकतो पूर्णविराम. तुम्ही हवं तर स्वल्पविराम सहभागी होण्यापूर्वी स्वल्पविराम..." पुढेही वाचलं, डॉक्टरांच्या फोन नंबरांपर्यंत वाचलं.

"हे त्या दिवशी नव्हतं," ताई म्हणाली.

"नव्हतं. मी गाळलं. तुझंच नाही, सगळ्यांचं गाळलं. आणि त्याला सांगितलं की वाचलं होतं."

"माहीत आहे मला. तेरानंतर पंधरा आलं होतं."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. "काय?"

"तेरानंतर पंधरा. आणि दोन पानं एकदम उलटली की आवाज जाड येतो, बारके. तीस वर्षं तेच ऐकलंय मी."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, अक्षरशः ओरडले त्या आंधळ्या बाईवर. "मग बोलली का नाहीस? आयुष्यभर एका शब्दासाठी माझा जीव खाल्लास! त्या दिवशी काय झालं होतं तुझ्या तोंडाला? 'गाळलंस' म्हणाली असतीस तर मी वाचलं असतं. तू गेली असतीस त्या दुसऱ्या डॉक्टरकडे. तुझा डोळा राहिला असता गं!"

ताईने भिंगावरचं फडकं सारखं केलं. म्हणाली, "शेजारी तुझे सर बसले होते. तुझी नोकरी, तुझी खोली. त्यांच्यासमोर तुला कशी टोकू? आणि मला वाटलं, बारकी गाळतेय म्हणजे माझ्या कामाचं नसेल त्यात काही. तू माझं वाईट कशाला करशील?"

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, लहानपणी शाळेतून येऊन रडले होते तशी. या वेळी ती हसली नाही. माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि तो हात मधेच थांबायचा, पुन्हा फिरायचा.

मग म्हणाली, "पेन्सिल आहे का बघ. लाल असली तर बरी."

खणात तिची जुनी होती, बोटभर उरलेली. तिच्या हातात दिली.

"चौदाच्या समासावर माझं बोट ठेव."

ठेवलं. तिने बोटाला लागून हंसपद काढलं. जरा खाली आलं, एक पाय मजकुरात घुसला, पण टोक बरोबर होतं. पेन्सिल माझ्यापुढे धरली. "कर सही. आजची तारीख घाल." मी केली.

"आता मला दे."

"तू कशाला, ताई? मी वाचलं नाही. चूक माझी आहे."

"ऐकणाऱ्याचीही सही असते. विसरलीस का?" तिने हात पुढे केला. "बोट ठेव."

मी तिचं बोट माझ्या सहीच्या खाली ठेवलं. तिला ते नीट कळलं नसावं, कारण तिची सही माझ्या सहीवरच चढली. आता दोन्ही वेगळ्या वाचता येत नाहीत. तिने पेन्सिल टेबलावर ठेवली, घरंगळू नये म्हणून भिंगाला टेकवून.

"तो आला की हे त्याच्या हातात दे. नुसता कागद देऊन मोकळी होऊ नकोस, तोंडाने सांग. त्याला वाटतंय, त्याच्यापायी झालं. ते आधी काढ त्याच्या डोक्यातून. मग सोमवारी तुम्ही दोघं जा."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"जाईल," ती म्हणाली. "वाच पुढे. अजून आठ आहेत."

मी डोळे पुसले आणि पंधरावं वाचायला घेतलं, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळ्यासकट. ताई मान खाली घालून ऐकत होती. सोळाव्यात माझ्याकडून एक शब्द सुटला, वाक्य लंगडलं, तर तिने लगेच टोकलं. जिन्यावर भाच्याची पावलं वाजली तेव्हा आमचं एकोणिसावं चाललं होतं. ताई म्हणाली, "आला. खूण ठेव तिथे."